५२ सीसीचा स्वस्त ग्रास कटर: खोक्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत

कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेत चाकांचा लॉन मोअर चालत नाही. उतार, जांभ्याचे वर आलेले दगड, वारुळं आणि भाद्रपदात कमरेला लागणारं गवत, यात तो दहा फूटही सरकणार नाही. इथे गवत कापायचं मशीन म्हणजे खांद्याला अडकवायचा ब्रश कटर. बाजारात आणि बागेत त्याला ग्रास कटरच म्हणतात. स्वस्तातला मागितला की दुकानदार पुढे करतो तो ५२ सीसीचा टू-स्ट्रोक, साधारण सात-आठ हजारांपासून पुढे. त्याच्याबद्दल दोन मतं कायम कानावर येतात. एक, ‘एका हंगामात भंगार’. दुसरं, ‘इतकी वर्षं झाली, नुसता प्लग बदललाय’. दोन्ही खरी असतात, आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोन्ही एकाच इंजिनाबद्दल असतात.

असं एक मशीन आम्ही बागेसाठी घेतलं, हंगामभर वापरलं, नंतर पूर्ण उघडून पुन्हा जोडलं. त्याचा हा तपशील. ब्रँडचं नाव देत नाही, कारण त्यावरून काहीच कळत नाही. एकच इंजिन लाल, केशरी, हिरव्या झाकणाखाली कितीतरी नावांनी विकलं जातं. नाव बदलतं, रंग बदलतो, आतला पिस्टन तोच.

दुकानात

स्टिकर वाचू नका, इंजिनावरचा ठसा वाचा. क्रॅंककेसवर किंवा प्लेटवर १ई४४एफ असं काहीतरी असतं. १ म्हणजे एक सिलिंडर, ई म्हणजे टू-स्ट्रोक, ४४ म्हणजे ४४ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), एफ म्हणजे हवेने थंड होणारं. या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची खाली-वर चाल, ३४ मिलिमीटर. हिशेब केला की ५१.७ सीसी येतात. ठसा १ई४०एफचा असेल तर बोअर ४० आणि इंजिन ४२.७ सीसीचं. झाकणावर ‘६२ सीसी’, ‘६८ सीसी’ असं लिहिलेलं आणि ठसा मात्र ४४चा, असं सर्रास दिसतं. शंका असेल तर प्लग काढून भोकातून गवताची सरळ काडी पिस्टनवर टेकवायची, दोरी हळू ओढायची आणि पिस्टन किती खाली-वर होतो ते मोजायचं. ३४च्या आसपासच येणार. ताकदही साधारण दीड किलोवॅट, म्हणजे दोन हॉर्सपॉवरच्या जवळपास. स्टिकरवर चार हॉर्सपॉवर लिहिलं असलं तरी तेवढीच.

यात फसवणूक आहेच, पण आमच्या दृष्टीने त्या ठशाचा खरा उपयोग वेगळा. ठसा चालू मापाचा असला तर सुटे भाग मिळतात. कार्बोरेटर, कॉइल, स्टार्टर, क्लच, पिस्टन-सिलिंडरचा संच, सगळं तालुक्याच्या दुकानात टांगलेलं असतं आणि बरंचसं काही शे रुपयांत येतं. महागड्या मशीनला हे सुख नाही. म्हणून दांड्याचीही चौकशी तिथेच करायची. बाहेरची नळी २६ मिलिमीटर की २८? आतल्या शाफ्टच्या टोकाला दाते सात की नऊ? हे दोन आकडे मशीनच्याच खोक्यावर मार्करने लिहून ठेवावेत, कारण गिअर हेड, म्हणजे दांड्याच्या टोकाची ब्लेड फिरवणारी पेटी, बदलायची वेळ आली की दुकानदार पहिला प्रश्न तोच विचारतो. चुकीचं आणलं तर नळीवर चढतं, पण शाफ्ट बसत नाही.

अनुदानातून घ्यायचं असेल तर महाडीबीटीवरच्या कृषी यांत्रिकीकरण योजनेत मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल असलेलंच मॉडेल चालतं. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची अशी चाचणी संस्था आहे. अनुदान नको असलं तरी विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. स्टिकरपेक्षा मोजलेल्या आकड्यांवर भिस्त ठेवलेली बरी.

खोकं उघडल्यावर

स्वस्त मशीनची जोडणी कारखान्यात पूर्ण झालेली नसते असंच धरून चालायचं. पहिलं काम ॲलन कीचा संच घेऊन बसणं. पाच मिलिमीटरच्या बोल्टला चारची की, सहाच्या बोल्टला पाचची. सायलेन्सरचे दोन बोल्ट, कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या काळ्या ठोकळ्याचे बोल्ट, क्लच हाउसिंगचे बोल्ट, स्टार्टरचे स्क्रू, हँडलचा क्लॅम्प. आमच्या मशीनमध्ये सायलेन्सरचा एक बोल्ट बोटाने फिरत होता. तो तसाच राहिला असता तर कंपनाने निघाला असता, गॅस्केट उडालं असतं आणि उघड्या फटीतून येणाऱ्या गरम धुराने शेजारचं प्लॅस्टिकचं झाकण वितळलं असतं. मग ‘मशीन पेटलं’ अशी बातमी गावभर. एक सावधगिरी मात्र हवी. हे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात आणि पाचच्या बोल्टचे आटे जोर लावला की लगेच जातात. घट्ट झाल्यावर वर अंगठ्याच्या जोराने थोडं, बस्स.

दुसरं काम ग्रीसचं. गिअर हेडच्या बाजूला एक बोल्ट असतो, तो काढला की आत दिसतं. नव्या मशीनमध्ये ग्रीस नावालाच होतं, दातांवर पुसल्यासारखं. लिथियम ग्रीस, साधारण दहा ग्रॅम, शाफ्ट हाताने फिरवत आत ढकललं. ठासून भरू नये. गरम झाल्यावर फुगलेलं ग्रीस खालचा सील बाहेर ढकलतं आणि मग गवताचा रस आत जातो. पुढे दर वीस-पंचवीस तासांनी थोडं थोडं घालायचं.

ब्लेडचा नट उलट्या आट्यांचा, दहा मिलिमीटरचा. सोडवताना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. हे ठाऊक नसल्यामुळे पहिल्याच दिवशी आटे खाल्लेली गिअर हेड आमच्याकडे दुरुस्तीला येतात. शाफ्ट अडकवायला गिअर हेडच्या भोकात सळी घालायची, ब्लेड हाताने धरायचं नाही.

पट्टा अंगावर चढवून मशीन टांगलं की ब्लेड जमिनीपासून चार बोटं वर तरंगायला हवं. नाहीतर हुक दांड्यावर पुढे-मागे सरकवायचा. एवढं नीट केलं तर दिवसाअखेर कंबर तक्रार करत नाही.

संरक्षक पत्रा किंवा प्लॅस्टिकचं गार्ड बहुतेक जण पहिल्या आठवड्यात काढून फेकतात, गवत अडकतं म्हणून. डोळे आणि नडग्या हा एक मुद्दा झालाच. पण इंजिनाच्या आयुष्याशीही त्याचा थेट संबंध आहे. गार्डच्या आतल्या बाजूला छोटी पाती असते, ती नायलॉनची दोरी ठरलेल्या लांबीवर कापते. गार्ड काढलं की दोरी वाटेल तेवढी लांब होते, इंजिनावर ओझं वाढतं, त्याचे फेरे कमी होतात, क्लच घसरतो आणि इंजिन तापतं. महिन्याभराने मालक सांगतो, ‘मशीनला ताकद नाही.’

पेट्रोल आणि ऑइल

स्वस्त मशीनची बदनामी जिथे सर्वांत जास्त होते ती जागा हीच, म्हणून इथे थोडं थांबू.

या इंजिनाला वेगळं ऑइल नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं, ऑइलच पिस्टनला, बेअरिंगला, सगळ्याला पुरतं. आमचं प्रमाण २५ला १. एक लिटर पेट्रोलला ४० मिलिलिटर ऑइल. टू-टी ऑइलची ४० मिलिलिटरची पुडी मिळाली तर हिशेब सोपा, नाहीतर मेडिकलमधली वीस मिलिलिटरची सिरिंज दोनदा. बाटलीच्या बुचाने ‘अंदाजे’ घालणं बंद करायचं. ५०ला १ हे प्रमाण चांगल्या दर्जाच्या ऑइलवर आणि चांगल्या बनावटीच्या इंजिनांवर चालतं; स्वस्त इंजिनात ऑइल वाचवून वीस रुपये वाचतात आणि सिलिंडर जातो.

मिश्रण टाकीत करायचं नाही. टाकीत आधी ऑइल ओतलं की ते तळाशी बसतं आणि पिस्टनकडे पहिल्यांदा निव्वळ ऑइल जातं, प्लग ओला होतो. नंतर उरलेलं पातळ पेट्रोल, आणि त्यात पिस्टन कोरडा. पेट्रोलच्या धातूच्या डब्यात अर्धं पेट्रोल, त्यात सगळं ऑइल, हलवा, मग उरलेलं पेट्रोल, पुन्हा हलवा. भरायच्या आधी दर वेळी हलवा.

जास्त ऑइल घातलं तर बरं, असंही नाही. धूर वाढतो, सायलेन्सरच्या तोंडात आणि सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टमध्ये कार्बन साठतो, आणि हंगामाच्या शेवटी इंजिन गुदमरल्यासारखं चालतं. रेस द्या, आवाज वाढतो पण फेरे वाढत नाहीत.

आता पेट्रोल. पंपावर सध्या २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्यातल्या कोकणाच्या हवेत ओल किती असते ते सांगायला नको. टाकीचं झाकण हवा आत घेणारंच असतं. मिश्रण दोन-तीन आठवडे पडून राहिलं की मशीन चालू व्हायला कुरकुर करतं. संशय आला तर ते पारदर्शक काचेच्या बाटलीत ओतून तासभर सावलीत ठेवावं. तळाशी वेगळा थर दिसला तर ते इंजिनात घालू नये. याच इथेनॉलचा दुसरा परिणाम रबर-प्लॅस्टिकवर होतो. टाकीतून कार्बोरेटरकडे जाणाऱ्या नळ्या कडक होऊन तडकतात, प्रायमरचा फुगा (चालू करण्याआधी पेट्रोल ओढायला दाबतो तो) चिरतो, कार्बोरेटरमधला डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदा, ताठर होतो. महागड्या मशीनमध्ये नळ्या बऱ्या दर्जाच्या असतात. स्वस्तात ही जागा खरोखरच कमजोर आहे, पण ती शंभर-दीडशे रुपयांची कमजोरी आहे. अडाणी निदानामुळे ती दोन हजारांची होते. कशी, ते पुढे येतं.

पहिली टाकी मऊ गवतावर, नायलॉनची दोरी लावून, मध्यम रेसवर चालवली. ओझं नसताना पूर्ण रेस देऊन ‘आवाज काढायचा’ नाही, आणि बराच वेळ नुसतं आयडलवर, म्हणजे रेस न देता, घरघरत ठेवायचंही नाही. टाकी संपल्यावर मशीन पूर्ण गार होऊ दिलं आणि सगळे बोल्ट पुन्हा पाहिले. सायलेन्सरचे दोन्ही बोल्ट थोडे फिरले. हे दुसऱ्यांदा आवळणं पहिल्यापेक्षा महत्त्वाचं, कारण गॅस्केट तापून दबल्यावरच खरी ढिलाई कळते.

आयडलला ब्लेड फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू थोडा सैल करायचा. तरी फिरलं तर क्लचची स्प्रिंग ताणलेली किंवा तुटलेली असते.

बागेत

ब्लेडचा व्यास २५५ मिलिमीटर, मधलं भोक २५.४. मोकळ्या जागेतल्या गवताला तीन दात्यांचं पोलादी ब्लेड, रानमोडीच्या आणि करवंदीच्या जाड काड्यांना चाळीस दात्यांचं कार्बाइड टोकांचं. ब्लेड वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून झाडझूड उजवीकडून डावीकडे ओढत कापायची. पुढच्या-उजव्या बाजूने, म्हणजे घड्याळाच्या बारा ते तीनच्या भागाने जाड खुंटाला भिडलं की मशीन उसळी मारतं. हे मशीन स्वस्त आहे म्हणून होत नाही, कुठलंही मारेल.

जांभा मात्र कोकणाची खास अडचण. गवतात लपलेल्या दगडावर कार्बाइडचं टोक आपटलं की उडतं. एक टोक गेलेलं ब्लेड चालतं, पण तोल जातो. हाताला कंपन जाणवतं, मग बोल्ट सुटायला लागतात, गिअर हेडचं बेअरिंग खिळखिळं होतं. लोक दोष गिअर हेडला देतात. टोक उडालेलं ब्लेड आम्ही तिथेच बाजूला काढतो. तीन दात्यांचं असेल तर कानशीने प्रत्येक दात्याला सारखेच हात मारायचे आणि मधल्या भोकात आडवा स्क्रू-ड्रायव्हर घालून तोल बघायचा. तडा गेलेल्या ब्लेडला वेल्डिंग कधीही नाही.

कलमांजवळ ब्लेड नेऊ नये, हे सगळ्यांना कळतं. नायलॉनची दोरीही नेऊ नये, हे कमी जणांना. दोन-तीन वर्षांच्या कलमाची साल दोरीच्या चार फटक्यांत गोलाकार निघते आणि झाड वरून हळूहळू वाळतं. आळ्याच्या आत हातभर जागा विळ्याने बेणायची. तेवढी मजुरी वाचवणं परवडत नाही.

लांब, ओलं गवत गिअर हेडच्या मानेभोवती गुंडाळलं जातं. ते आत घट्ट बसतं, सील तापवतं, ग्रीस पातळ होऊन गळतं. दर टाकीला मशीन बंद करून ते सोडवायचं. कोरड्या दिवसांत दुसराच त्रास: कुसळं आणि गवताचा भुसा सिलिंडरच्या पंख्यांमध्ये, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या कडांमध्ये, ऑइलला चिकटून बसतो. वरचं झाकण तीन-चार स्क्रूचं असतं. आठवड्याला ते काढून जुन्या टूथब्रशने पंखे मोकळे केले पाहिजेत. ऑइलचं प्रमाण बरोबर असूनही जाम झालेल्या इंजिनांचं झाकण उघडलं की बऱ्याचदा आत गवताची गादीच निघते.

अर्ध्या रेसवर काम करायची सवय, ‘मशीनला जपतो’ म्हणून, क्लचला मारते. केंद्रापासून बाहेर फेकले जाणारे क्लचचे बूट पुरेशा फेऱ्यांशिवाय ड्रमला घट्ट धरत नाहीत. ओझं असताना कमी रेस म्हणजे सतत घसरण. ड्रम निळा पडतो, जळका वास येतो. कापताना पूर्ण रेस, थांबल्यावर लगेच आयडल.

एअर फिल्टरचा स्पंज रोज संध्याकाळी झटकायचा, दर तीन-चार दिवसांनी साबणाच्या पाण्यात धुऊन सुकवायचा आणि ऑइलचे दोन थेंब चोळून बसवायचा. स्टार्टरची दोरी सरळ रेषेत ओढायची, शेवटच्या टोकापर्यंत ताणायची नाही आणि हातातून सोडून द्यायची नाही. यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

मधेच बंद पडणं

हंगामाच्या मध्यावर ठरावीक दुखणं सुरू झालं. सकाळी दोन ओढीत चालू, अर्धापाऊण तास छान, मग रेस दिली की दबणं आणि बंद. थोड्या वेळाने पुन्हा चालू. या लक्षणांवर बहुतेक ठिकाणी एकच निदान होतं: ‘कॉइल गरम होऊन मरतेय.’ प्लगला ठिणगी देणारी ही कॉइल बदलली जाते, दोन दिवस बरं वाटतं, मग कार्बोरेटर, मग ‘हे मशीनच तसलं’.

कॉइल गरम झाल्यावर मरते हे खोटं नाही. पण तिच्याआधी तीन गोष्टी बघायच्या, आणि त्या याच क्रमाने. बंद पडताक्षणी टाकीचं झाकण सैल करा. सूंऽ असा हवेचा आवाज आला आणि मशीन लगेच चालू झालं, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय, सुईने साफ करा. तसं नसेल तर टाकी काठोकाठ भरा आणि गरम असतानाच चालू करा. आमचं मशीन इथे लगेच चालू झालं आणि पुन्हा अर्धी टाकी होईपर्यंत चाललं. म्हणजे रोग उष्णतेचा नव्हता, पातळीचा होता. टाकीतली शोषणारी नळी मधोमध तडकली होती. टाकी भरलेली असेपर्यंत तडा पेट्रोलखाली, सगळं ठीक. पातळी तड्याच्या खाली गेली की पेट्रोलऐवजी हवा ओढली जायची. मशीन थोडं थांबवून हलवलं की डचमळून पुन्हा थोडं पेट्रोल मिळायचं, म्हणून ‘गार झाल्यावर चालू होतं’ असा भास. नळ्यांची जोडी, टाकीच्या भोकातलं रबर आणि तळातला फिल्टर बदलला, काम झालं.

तिसरी तपासणी ठिणगीची. बंद पडल्या पडल्या प्लग काढून टोपणात बसवायचा, त्याचा धातूचा भाग सिलिंडरला टेकवायचा, प्लगच्या भोकापासून लांब, आणि दोरी ओढायची. सांडलेलं पेट्रोल आधी पुसून घ्या. गरम असताना ठिणगी नाही आणि गार झाल्यावर आहे, तरच कॉइल. नवी बसवताना फ्लायव्हील आणि कॉइलमध्ये साधारण ०.३ मिलिमीटर अंतर ठेवायचं. व्हिजिटिंग कार्ड मध्ये घालून आवळलं की जमतं. प्लगचं अंतर ०.६ ते ०.७.

आयडल आपोआप वाढतोय, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही, असं झालं तर लगेच बंद करा. कुठूनतरी जादा हवा आत जातेय, हवेच्या मानाने पेट्रोल-ऑइल कमी पडतंय आणि हेच इंजिन पुढच्या तासाभरात जाम होऊ शकतं. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधल्या ठोकळ्याच्या सांध्यावर बाहेरून जाड ग्रीस फासून चालू करून बघायचं. आवाज बदलला तर गॅस्केट. नाही बदलला तर क्रॅंकचे सील. गरम सायलेन्सरजवळ पेट्रोल फवारून तपासणारे महाभाग आहेत, त्यांचं अनुकरण नको.

हंगाम संपल्यावर आत काय दिसलं

सायलेन्सरचे दोन बोल्ट काढले की एक्झॉस्ट पोर्टमधून पिस्टनची बाजू दिसते. इंजिनाची कुंडली इथेच वाचायची. एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे जाड ओरखडे असतील तर ऑइल कमी पडलं किंवा इंजिन तापलं. कार्बोरेटरकडच्या बाजूला बारीक, धुरकट घासण दिसली तर फिल्टरमधून धूळ गेली. आमच्या पिस्टनवर एक्झॉस्टकडे काही नव्हतं, इनटेककडे थोडी घासण होती. स्पंजची कड नीट बसत नव्हती. साच्यातून आलेलं झाकणच किंचित वाकडं. हा मात्र सरळसरळ स्वस्ताईचा दोष. कडेला ग्रीसचा पातळ थर लावून स्पंज बसवला की फट बुजते.

पोर्टमधला कार्बन काढताना पिस्टन वर आणून पोर्ट झाकायचं आणि लाकडी काडीने खरवडायचं, लोखंडाने नाही. दाब मोजायचं मीटर नसेल तर संपूर्ण मशीन स्टार्टरच्या दोरीला धरून उचलायचं. क्षणभर अडून हळूहळू खाली आलं तर रिंग ठीक, सरकन घसरलं तर गेली. मीटर असेल तर ९० पीएसआयच्या खाली इंजिन चालू व्हायला रडतं.

कमजोर जागा आहेत त्या अशा. सिलिंडरवरचा क्रोमचा मुलामा पातळ असतो, एकदा ओरखडा पडला की सुधारत नाही, संचच बदलायचा. क्रॅंकचं बेअरिंग आणि सील हलक्या प्रतीचे. दांडा आणि इंजिनामधलं रबर कडक, म्हणून कंपन सगळं हातात येतं. दर टाकीला दहा मिनिटं हात मोकळे करावेत, आणि बोटं पांढरी पडायला लागली तर त्या माणसाने त्या दिवशी मशीन धरू नये. वजन आठ-नऊ किलो. पिस्टन-सिलिंडर गेला तर दुरुस्ती परवडते. क्रॅंकमध्ये खेळ आला, म्हणजे फ्लायव्हील धरून वर-खाली हललं, तर मजुरी धरून परवडत नाही. ते मशीन सुट्या भागांसाठी ठेवावं.

फोर-स्ट्रोकचं काय, हा प्रश्न येतोच. होंडाचं जीएक्स३५ हे ३५.८ सीसीचं इंजिन, साधारण एक किलोवॅटचं, आवाज आणि पेट्रोल दोन्ही कमी. ५२ सीसीचं टू-स्ट्रोक ओझ्यावर तासाला लिटरभर पितं, हे त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास, शिवाय टू-टी ऑइल वाचतं. रोज मजुरीने गवत कापणाऱ्याला किमतीतला फरक पेट्रोलमधून भरून निघतो. वर्षातून दोनदा स्वतःची एकर-दोन एकर साफ करणाऱ्याला नाही. त्याच्यासारखी दिसणारी, १३९एफ ठशाची स्वस्त इंजिनंही मिळतात. ती आणि अस्सल, दोघांनाही एक शाप सारखाच: खोक्यातून येताना आत ऑइल नसतं. १०० मिलिलिटर १०डब्ल्यू-३० भरल्याशिवाय दोरी ओढली तर काही मिनिटांत काम तमाम. पहिलं ऑइल दहा तासांनी बदला, नंतर दर पन्नास तासांनी. आणि त्याच्या टाकीत टू-टी मिसळलेलं पेट्रोल घालू नका. बागेत दोन्ही प्रकारची मशीन असली की डब्यांची अदलाबदल हमखास होते, म्हणून डब्यांना रंग द्या.

मार्गशीर्षात मशीन ठेवताना टाकी रिकामी केली, चालू करून आपोआप बंद होऊ दिलं, प्रायमरचा फुगा दाबून कार्बोरेटरमधलं उरलेलं काढलं. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल, दोरी दोन-तीनदा हळू ओढली, प्लग बसवला, पिस्टन वर अडखळेल तिथे सोडला. गिअर हेडमध्ये ग्रीस घातलं. मशीन भिंतीला उंच टांगलं, उंदीर प्लगची वायर कुरतडतात म्हणून.

दुसऱ्या पावसाळ्याआधी आणून ठेवायचं सामान: नळ्यांची जोडी आणि टाकीचा फिल्टर, प्रायमरचा फुगा, एल७टी प्लग, स्टार्टरची चार मिलिमीटरची दोरी, रेसची केबल. कार्बोरेटरसाठी फक्त डायफ्रॅम आणि गॅस्केटचा संच मागा. तो मिळतो, पण दुकानदार आधी अख्खा कार्बोरेटरच काउंटरवर ठेवतो.